हँग झालेला कॅमेरा

देवळालीच्या उसाच्या फडात दुपारची भाकरी सोडली, की अमृत आधी मोबाईल उघडायचा आणि पाथर्डीकडच्या घरी एकटी राहिलेली आई बघायचा. ऊसतोडीला निघताना त्यानं ओट्यावर कॅमेरा बसवला होता आणि म्हातारीला एवढंच शिकवलं होतं, की भाकरीच्या वेळेला समोर बसून हात वर करायचा. बायडाबाई रोज डोक्यावर पदर घेऊन, फोटो काढायला बसल्यासारखी बसायची आणि हात करायची.

आज ती हातात भाकरी धरून खांबाला टेकली होती, मान खाली. अर्धा तास झाला तरी हात काही वर होईना. अमृतनं कंपनीला फोन लावला.

"मॅडम, कॅमेरा हँग झालाय. आई हाय तशीच दिसतीय."

"ॲप बंद करून चालू करा, सर."

त्यानं केलं. आई तशीच.

"ॲप काढून परत टाका."

तेही टाकलं. आई तशीच. अमृतचं डोकं फिरलं. "दोन म्हैनेबी झाले न्हाईत घेऊन. असला कसला माल इकता तुमी?"

"चित्रात दुसरं काही हलतंय का, बघा बरं."

अमृतनं मोबाईल डोळ्यांजवळ नेला. अंगणातली कोंबडी ओट्यावर चढली, आईच्या मांडीवर उभी राहिली आणि तिच्या हातातली भाकरी टोचू लागली.

"कोंबडी हलतीय," तो म्हणाला.

"म्हणजे कॅमेरा अगदी व्यवस्थित आहे, सर. तक्रार मिटली असं लिहू ना?"