बसच्या रस्त्यातलं थडगं

"आजी, शेवटचं विचारतो. थडगं खरं की खोटं?"

दिएप आजीने बर्फ घातलेला चहा तोआनपुढे सरकवला. "आधी पी. तुझ्यापेक्षा पुरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जास्त तरतरी असते."

तोआन भूसंपादन कचेरीतला. कालव्यापलीकडे नवी वसाहत उभी राहत होती. तिथून या गावातून शहराकडे जाणारा रस्ता, बसगाड्या, थांबे, सगळ्याचा निम्मा खर्च बिल्डर उचलणार होता. अट एकच, तेतच्या, नववर्षाच्या सणाआधी जमीन मोकळी हवी. नाहीतर पैसा दुसऱ्या तालुक्याला. आखणी दोनदा बदलून झाली होती. तोआनला आता झोपेतही खुंट्या ठोकल्याचा आवाज यायचा.

थडगं हलवायला भरपाई मिळते हे कळलं आणि गावात एकाएकी पूर्वज वाढले. जो तो सिमेंट कालवायला लागला. उत काकाने तर जिवंत सासऱ्याचं थडगं बांधलं. सासरा शेजारी बसून विटा हातात देत होता.

आजीने सगळ्यांच्या शेवटी, घरामागच्या केळीत एक बांधलं. त्यावर नाव नाही, फोटो नाही. पण उदबत्ती रोज लावायची. "म्हातारी नाटक छान वठवते," असं म्हणून गाव हसायचं. तिचा नवरा खोआ तीस वर्षांपूर्वी कुणा बाईबरोबर कंबोडियाला पळाला, हे पोरासोरांनाही पाठ होतं. मग थडगं कुणाचं?

"खरं असलं तर काय करता?" आजीने विचारलं.

"उद्या खणायचं. भिक्खू येतील, दवाखान्यातला माणूस येईल. हाडं बघून, धुऊन पेटीत घालायची आणि नव्या दफनभूमीत न्यायची. तुम्हाला पूर्ण भरपाई."

"आणि खोटं असलं तर?"

"खणत नाही. वरचं सिमेंट फोडायचं आणि वाळूचा भराव टाकायचा. भरपाई नाही. पण स्वतःहून सांगितलं तर दंडही नाही." तोआनने डोळे चोळले. "सांगतंय कोण, आजी? सगळी खणावी लागतायत. माझी माणसं मेटाकुटीला आलीत."

आतून सून बाहेर आली. "खणू द्या की, आई. खाली डुकराची चार हाडं टाकू. उत काकांनी तेच केलंय."

"साहेबासमोर बोलतेस? माहेरची अक्कल माहेरीच ठेव."

"छप्पर गळतंय, आई. तुमच्या नातवाच्या अंथरुणावर गळतंय."

चहातला बर्फ विरघळून गेला. तोआनने घाई केली नाही. घाई करायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"खोटं आहे," आजी म्हणाली. "अंगठा कुठे लावू?"

सून कपाळावर हात मारून आत गेली. तोआन उठला आणि कंबरेत वाकला. "अख्ख्या गावात एक माणूस प्रामाणिक निघाला. बस सुरू होईल त्या दिवशी पुढची सीट तुमची."

"मला कुठं जायचंय? तू भराव तेवढा चांगला टाक. वाळू कंत्राटदार खातात, तुला ठाऊक नसेल तर सांगते."

"पुरुषभर टाकतो, आजी. शब्द माझा."

त्याने शब्द पाळला. केळी गेल्या, सिमेंट फुटलं, बोटीतून वाळू आली. रोलर दोन दिवस मागेपुढे फिरला. आजी ओसरीवर बसून बघत राहिली. जेवायलाही उठली नाही. सुनेने तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

तिसऱ्या दिवशी कामगार पुढच्या तुकड्याकडे सरकले. आजी गुडघ्यांवर हात टेकत भरावावर चढली. वाळूत एक उदबत्ती खोचली आणि पेल्यातली तांदळाची दारू तिच्याभोवती ओतली.

"गावाच्या लबाडीत तुझं थडगं तरी उभं राहिलं, चार महिने उघड उदबत्ती मिळाली तुला," ती म्हणाली. "आता वरून बस जाईल. पुन्हा माझ्या अंगावर यायचं असेल, खोआ, तर आधी एवढी वाळू उपसून ये."