बांध मुका झाला तेव्हापासून

पीक खाणारा नाकतोडा आणि बांधावरचा रातकिडा एकच, असं ठोकून देणाऱ्या शेतीखात्याच्या साहेबानं रूपसिंगच्या हातून पाप करवलं.

नाकतोडा आखूड मिशांचा. रातकिडा लांब मिशांचा, पंखावर पंख घासून किरकिरणारा. त्याचे कान पुढच्या पायांत असतात. रूपसिंगनं औषध फवारल्यावर मेले ते सगळे लांब मिशांचे निघाले. बांध मुका झाला.

तेव्हापासून रूपसिंगला भर दुपारी किरकिर ऐकू येते. कान दाबले तरी थांबत नाही.

“माजं बोलणं तर उघड्या कानांनीबी ऐकत न्हाई. आता काहून कान दाबून राहिले?” म्हणत बायकोनं, मिराबाईनं, त्याचे हात कोपराखाली घट्ट धरून खाली ओढले.

किरकिर थांबली.

तिनं हात सोडले. किरकिर सुरू.

रूपसिंग तसाच साहेबाच्या दारात गेला.

“साहेब, ज्यांनी फवारलं ते हातच आता ऐकून राहिले. सांगा, यांना कुठं ठेवू?”