दर पाच हजार किलोमीटरला

गिअरबॉक्सचं ऑइल पन्नास-साठ हजार किलोमीटर आरामात चालतं, हे एरंडोलच्या हाशम मिस्त्रींना चांगलं ठाऊक होतं. तरी शिरपूरच्या जावयाला त्यांनी छातीठोकपणे सांगून ठेवलं होतं, "दर पाच हजाराला बदलायचं, आणि माझ्याच हातून."

कारण गाडी आली की तिच्यात बसून कहकशा यायची. एरवी लेकीला सवड नसायची. खाली काढलेलं लालभडक ऑइल मिस्त्री तासभर निथळू द्यायचे, तिच्याशी बोलत बसायचे आणि मग तेच गुपचूप परत ओतायचे.

या खेपेला जावई एकटाच आला, नव्याकोऱ्या इलेक्ट्रिक गाडीतून.



"अब्बा, हिला ऑइल बदलायला यावं लागत नाही, म्हणून कहकशानंच हट्ट धरला."