पडद्याआडची वाळवी

ब्लीचचा पहिला कॅन तिने स्वतःच्या हाताने पहिल्या टाकीत उपडा केला. शेडमधल्या कुणीही तो ओतला असता, पण तिने कुणाला हात लावू दिला नाही. वाढवलं आपण, तर संपवायचंही आपणच. खरं तर एन्झाइम हा काही जीव नव्हे, ते मरत नाही, फक्त निकामी होतं, हे तीच सगळ्यांना समजावून सांगायची. आज तिचं तिलाच ते पटत नव्हतं. डोळे भरून आले तेव्हा तिने दोष ब्लीचच्या वासाला दिला.

शेड दादाची होती. इथे जुन्या बाटल्यांचा चुरा गरम पाण्यात धुतला जायचा आणि त्या पाण्याबरोबर प्लॅस्टिकचा बारीक भुगा कालव्यात जायचा. पुढे तेच पाणी लोक पितात, म्हणून तपासणी अधिकाऱ्याने बजावलं होतं, पाणी स्वच्छ सोडा, नाहीतर टाळं लावतो. तेव्हा ती प्रयोगशाळेतली नोकरी सोडून भावाच्या मदतीला आली. तिने तयार केलेलं एन्झाइम प्लॅस्टिक खायचं. दादाने त्याचं नाव वाळवी ठेवलं. बहीण सख्ख्या भावाच्या घरात वाळवी सोडतेय, असं तो हसत हसत सगळ्यांना सांगायचा.

युक्ती साधी होती. पहिल्या टाकीत भुग्याचं पाणी आणि त्यात वाळवी. टाकीच्या तोंडाशी दादाने बनवलेलं मेम्ब्रेन, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या छिद्रांचा पडदा. पाणी त्यातून पार व्हायचं, भुगा आणि वाळवी आतच राहायची. स्वच्छ पाणी दुसऱ्या टाकीत पडायचं आणि धुण्याला पुन्हा वापरलं जायचं. पडदा नाजूक होता. तो फाटू नये म्हणून दादाने त्याच्या मागे शोधून शोधून मजबूत कापड लावलं होतं. बहिणीच्या कामात त्याला हयगय नको होती.

सुरुवातीला वाळवीने भुगा फस्त केला. मग एकाएकी ती थंडावली. वाळवीचा नवा डबा ओतला की जेमतेम दिवसभर चालायचं, पुन्हा सगळं ठप्प. तिने पाणी बदललं, उष्णता कमीजास्त केली, जेवणाची शुद्ध राहिली नाही. पडद्यावर संशय घ्यायला जागाच नव्हती. दादा रोज पेलाभर पाणी उजेडात धरून बघायचा आणि ते काचेसारखं नितळ असायचं. म्हणजे खोट वाळवीतच होती. काल शेवटचा डबाही वाया गेला. वाळवी जिथे बनायची त्या प्रयोगशाळेत, नोकरी सोडल्यापासून, बहिणीला कुणी दारात उभं करत नव्हतं.

सकाळी दादा सगळ्यांसमोर बोलला. "तुझ्या भरवशावर मी या बायकांना शब्द दिला होता. भरवशाच्या म्हशीला टोणगा." आजवर तो तिला कधी टाकून बोलला नव्हता. धुणाऱ्या बायका खाली मान घालून आपापल्या पिशव्या भरत राहिल्या. संध्याकाळी टाळं लागणार होतं. त्याआधी, अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून, दोन्ही टाक्यांत ब्लीच घालून त्या रिकाम्या करायच्या होत्या.

दुसऱ्या टाकीपाशी मावशी उभ्या होत्या. बायकांमध्ये त्याच सगळ्यांत जुन्या. त्यांचं नेहमीचं गाऱ्हाणं आजही चालूच होतं. बादलीची दोरी पुन्हा कुजली, अंगावरच्या नव्या एप्रनची चाळण झाली, हल्ली दुकानदार काय माल गळ्यात मारतात कोण जाणे. ऐकून ऐकून सगळ्यांचे कान किटले होते. तिने नुसती मान हलवली आणि दुसऱ्या कॅनचं झाकण काढलं. डोळे फार झोंबत होते. तोंडावर पाणी मारावं म्हणून तिने बादली आत सोडली. भरलेली बादली वर ओढताना दोरी तुटली आणि ती मागे पडता पडता वाचली.

हातात उरलेली दोरी तिने पाहिली. वरचा, पाण्याबाहेरचा भाग जाडजूड होता. खालचा पार भुरभुरीत झाला होता. पण बाटल्यांच्याच प्लॅस्टिकची ही दोरी कुजत असती तर ही शेडच लागली नसती. तिने मावशींच्या तसल्याच धाग्याच्या एप्रनकडे पाहिलं. पाणी उडतं तिथेच भोकं होती, पाठीवरच्या बंदांचं कापड अगदी कोरं होतं.

"दादा, पडदा उघड," ती म्हणाली.

आता कशाला, असं तो पुटपुटला. तरी तिचा चेहरा बघून त्याने पाना घेतला.

पडदा दुधावरच्या सायीसारखा लोंबत होता. त्याच्या मागे कापड नव्हतंच. कडेला चार धागे तेवढे चिकटून होते. आधार गेल्याने पडदा ताणला होता आणि त्याची छिद्रं मोठी झाली होती. भुगा अडायचा, पण डोळ्यांना न दिसणारी वाळवी त्या नितळ पाण्यातून रोज पलीकडे निघून जात होती.

"कापड कुठलं लावलं होतंस?"

"पॉलिस्टर. त्याच्याएवढं मजबूत..." दादा बोलता बोलता थांबला. पॉलिस्टर आणि बाटली ही एकच जात, हे दोघांनाही पाठ होतं. कडेच्या फटीतून झिरपलेली थोडी वाळवीच ते खायला पुरली होती. ते कापड ओढून बघून शाबास म्हणणारी तीच होती.

म्हणजे पहिल्या टाकीत मारायला काही उरलंच नव्हतं. सगळी वाळवी या दुसऱ्या टाकीत होती, उघड्या कॅनपासून हातभर अंतरावर. तिने झाकण बसवलं आणि घट्ट आवळलं.

दादा टाकीला टेकून खाली बसला. ते चार धागे त्याने उपटून हातात घेतले.

"कुंपणाने शेत खाल्लेलं ऐकलं होतं," तो म्हणाला. "इथे शेतानेच कुंपण खाल्लं."