प्रार्थनेचा विषय

तिनं कपाचं चित्र समोर धरलं आणि विचारलं, हे काय आहे. पाळकीणबाईंच्या तोंडून शिवी बाहेर पडली.

साधीसुधी नव्हे. दारूच्या गुत्त्यातल्या माणसानंही आधी आजूबाजूला बघावं आणि मग द्यावी, अशी. पाळकीणबाईंचा उजवा हात मांडीवर निर्जीव पडला होता. डाव्या हातानं त्यांनी आपलं तोंड दाबून धरलं. तिनं किल्ल्यांचं चित्र दाखवलं. बोटांच्या फटीतून पुन्हा तीच शिवी आली.

हॉस्पिटलात तिला सगळे बोलक्या मॅडम म्हणत. ती स्वतः मोजकंच बोलायची. पण अर्धांगाच्या झटक्यानं ज्यांची वाचा गेली, त्यांना पुन्हा बोलतं करणं हे तिचं काम. त्यामुळे तिला नवल वाटलं नाही. सगळे शब्द जाऊन एखादाच मागे उरतो, असं होतं कधी कधी, आणि तो कुठला उरावा हे माणसाच्या हातात नसतं. चर्चच्या पाळकांची बायको म्हणून चोवीस वर्षं बायकांची प्रार्थनासभा चालवलेल्या बाईंना हा उरला होता. ऐकू सगळं येत होतं, कळतही सगळं होतं.

नवल वाटलं नाही, पण काळजाला गार वाटलं. ते तिनं स्वतःपासून लपवलं नाही. खरं तर नाव वाचल्यावर हा पेशंट दुसऱ्या कुणाकडे द्यायचा, तर तिनं तो मागून घेतला होता.

अकरा वर्षांपूर्वी याच बाईंनी सभेत डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं, की आपल्या मंडळीतल्या एका मुलीसाठी प्रार्थना करू या. डॉक्टरांची बायको माहेरी गेलेली आहे आणि ही पोर रोज दुपारी त्यांच्या घरी जाते. प्रभू तिला सांभाळो. डॉक्टरांची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि ती पोर, म्हणजे ती स्वतः, म्हाताऱ्या बाईंना वाचून दाखवायला जायची, एवढं मात्र सांगायचं राहून गेलं. त्या सभेत तिची आई डोळे मिटून बसली होती. आईनंही आमेन म्हटलं. पंधरा दिवसांत तिचं ठरलेलं लग्न मोडलं. आई पुन्हा चर्चची पायरी चढली नाही. ती गेली तेव्हा मातीला सहा माणसं होती.

दारावर टकटक झाली. पाळकीणबाईंची सून आत डोकावून म्हणाली, मंडळीतल्या बायका आल्यात, तुमच्याशी दोन शब्द बोलायचंय म्हणतात. ती उठून बाहेर गेली. दार पुरतं लागलं नाही.

व्हरांड्यात चौघी उभ्या होत्या. त्यांतल्या दोघींना तिनं ओळखलं. त्यांनी तिला ओळखलं नाही. सर्वांत वयस्कर होती तिनं विचारलं, "आम्ही आज बसणार आहोत प्रार्थनेला. काय विषय ठेवायचा, तेवढं सांगा. बाई बोलतात का काही?"

वाक्य तयारच होतं. पूर्ण बोलायचीही गरज नव्हती. नुसता सुस्कारा सोडून "बोलतात हो, पण काय बोलतात..." इतकं म्हणून थांबलं असतं तरी संध्याकाळपर्यंत ते घरोघर पोचलं असतं. आणि त्यात खोटं काय होतं? पाळकीणबाईंनीही तेव्हा खोटं असं काही सांगितलं नव्हतं. ती दुपारी त्या घरी जातच होती.

रोज सकाळी ती देवाकडे शहाणपण मागायची. आज मागितलं नव्हतं. मिळालं तर वापरावं लागेल, म्हणून.

ती बोलणार म्हणून चौघी पुढे सरकल्या. चार डोकी जवळ आली. एकीनं पदर तोंडाशी नेला, हळहळायच्या तयारीनं. त्या सभेत आईच्या शेजारी कोण बसलं होतं, हे तिला कधीच कळलं नव्हतं. ती त्या चार चेहऱ्यांकडे बघत राहिली. मग मनातल्या मनात तिनं मागितलं. अगदी नाइलाजानं.

"विषय नको," ती म्हणाली. "नुसतं नाव घ्या त्यांचं."

"पण तब्येतीचं काहीतरी..."

"ते त्या स्वतःच सांगतील. सांगता येईल तेव्हा."

चौघींचा विरस झाला. तिचाही झाला. मन मोठं झाल्यासारखं वगैरे तिला काहीच वाटलं नाही. तोंडाशी आलेला घास कुणी काढून घ्यावा, तसा राग मात्र आला.

ती आत आली. पाळकीणबाई टक लावून दाराकडेच बघत होत्या. चेहरा राखेसारखा झाला होता. सगळं ऐकलं होतं त्यांनी.

तिनं दार नीट लावलं. चित्रं गोळा करून खणात टाकली आणि खुर्ची ओढून अगदी समोर बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"तुमच्याविषयी मला जे बोलायचंय, ते तुमच्याशीच बोलणार आहे," ती म्हणाली. "अकरा वर्षांचं आहे. आज संपायचं नाही. ऐकायचं नसेल तर हात वर करा, मी थांबेन. उद्या दुसऱ्या मॅडम येतील."

ती थांबली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा दोनदा पुढे सरकला.

"आईपासून सुरू करते."

पाळकीणबाईंचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर होता. हात तिथेच राहिला.