सरासरीच्या वर

मिस डोरीननं तिसरीच्या पोरांकडून वर्षभर घासून घासून वाचन करून घेतलं. परीक्षेच्या सकाळी डोकं तरतरीत राहावं म्हणून प्रत्येकाच्या हातावर पेपरमिंटची गोळीही ठेवली. आणि अमेरिकेत टेनेसीतल्या त्यांच्या, सगळ्यांनी टाकाऊ ठरवलेल्या शाळेनं पहिल्यांदाच राज्याच्या सरासरीला मागं टाकलं. कुंपणावर हा एवढा मोठा फलक लागला.

सुट्टीत ती गोळ्यांचा पुडा घेऊन जनेलच्या घरी गेली. सगळ्यात जास्त गुण त्याच पोरीचे होते. चाळवजा इमारतीच्या दारात नवी पाटी होती : 'सरासरीहून सरस शाळा, दोन मिनिटांवर. घरं भाड्यानं मिळतील.' पाटीखाली जनेलची आई ट्रकमध्ये गाद्या कोंबत होती.

"मालकानं भाडं वाढवलं, मिस डोरीन. म्हणाला, आता हे चांगल्या शाळेजवळचं घर आहे. शाळा चांगली केली कुणी, ते नाही विचारलं मेल्यानं."

"मग आता कुठं?"

"गावाच्या पार त्या टोकाला. तिथली शाळा सरासरीच्या कितीतरी खाली आहे. म्हणून तर परवडतंय."

मिस डोरीननं पुडा बाजूला उभ्या जनेलच्या हातात दिला. जनेलनं एक गोळी गालात धरली, आईकडं पाहिलं आणि मिसच्या कानाशी येऊन हळूच म्हणाली,



"तिकडच्या परीक्षेत मी सगळं मुद्दाम चुकवणार आहे, मिस. मग आम्हाला तिथून कुणी घालवणार नाही."