पिठावरची खूण

शहाऐंशीच्या दुष्काळात बिरू वारला, तेव्हा त्याचा लेक व्यंकट परदेशात प्रयोगशाळेत होता. तिथं तो सिलिकॉनच्या पातळ पट्ट्या बसवायचा. डोळ्याला कधीच न दिसणारे कण त्यांतून आरपार जात आणि मागं त्यांची वाट तेवढी उमटे. सास्तूरला तो दहाव्याच्या आदल्या दिवशी पोचला आणि आईनं, विठाबाईनं, विचारलं म्हणून हे सगळं तिला सांगत बसला.

दिवेलागणीला विठाबाईनं, नवऱ्यानं जिथं प्राण सोडला तिथं, सोसायटीतून आणलेल्या ज्वारीचं पीठ पसरलं, वर टोपली पालथी घातली. जाणारा जीव पिठावर खूण ठेवून जातो, अशी रीत होती.

सकाळी टोपली उचलली. पीठ होतं तसंच होतं.

"तुझ्या पट्टीवर काईच उमटलं न्हाय, तर काय समजायचं रं?" विठाबाईनं विचारलं.

प्रवासानं शिणलेला व्यंकट सवयीनं बोलून गेला, "तिथून कुणी गेलंच नाही, असं."

"मलाबी तसंच वाटाय लागलंय," ती हळूच म्हणाली.

 

मग उठून तिनं दाराला आतून कडी घातली.